डाव्या चाकाचं तेल

माझ्या नणंदेला, पद्मावन्संना, ‘का’ विचारल्याशिवाय घास गिळवत नसे. भात चिकट का झाला, कार्तिकात गंगेचं पाणी का निवळतं, रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच का अडतो. आमचे हे म्हणायचे, प्रश्न ऐकूनच स्थळं पळाली! वन्सं रामनगरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. चौऱ्याण्णव साली त्यांनी स्वतःच्या पगारातून एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. रामघाटाच्या गल्लीत सायकल वळेना, तिथे गाडी कुठली? ती बाहेर मोठ्या रस्त्यावर, मैदागिनला ओळखीच्यांच्या आवारात उभी असे. वन्सं तिथवर चालत जात आणि मग गाडीनं गंगेवरचा पूल ओलांडून शाळेत.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिल्याच सोमवारी, पुलाच्या उतारावर, ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढ घेऊ लागली. समोरून येणारी पेरूची हातगाडी उलटली. कुणाला खरचटलंही नाही. वन्सं गाडी कशीबशी रामनगरच्या कुशल मिस्त्रीच्या दारात सोडून टेम्पोनं घरी आल्या. पण यांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, निमित्तच हवं होतं. “बाईमाणसाच्या हातात स्टेअरिंग दिलं की हेच व्हायचं,” म्हणत यांनी गाडीला गिऱ्हाईकसुद्धा ठरवलं. रविवारी तो येणार होता. त्या रात्री आमटी खारट झाली आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

वन्सं भांडल्या नाहीत. “सुमेधा, दर वेळी उजवीकडेच का?” एवढंच म्हणाल्या. “माझा हात चुकला असता तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे.”

शनिवारी अर्धी शाळा होती. मला घेऊन त्या मिस्त्रीकडे गेल्या. कुशलनं पुढचं उजवं चाक काढलं. आतली लोखंडी चकती लख्ख होती. मग डावं काढलं. ती चकती काळी, चिकट.

“बहनजी, ई तेल कौन लगा दिया?”

त्यानं समजावलं. ब्रेक दाबला की दोन पॅड या चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. तेल लागलं की चिमटी सुटते. डावीकडची सुटली, उजवीकडची धरून राहिली, म्हणून गाडी उजवीकडे. उत्तर मिळालं तशा वन्सं लहान मुलीसारख्या खुलल्या. मग वाकून त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

तिळाचं तेल होतं ते. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, अडकित्ता, कात्री, सगळ्या लोखंडाला तेल लावतात, गंज धरू नये म्हणून. तो मान मामंजींचा. आम्ही गाडीच्या पूजेला गेलो तेव्हा पंक्चरवाल्यानं नेमकं डावं चाक काढलेलं होतं. वन्सं पुढे स्वस्तिक काढत होत्या आणि मामंजी तेलाची वाटी घेऊन चाकाशी वाकलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. लेकीच्या गाडीला त्यांनी प्रेमानंच तेल चोपडलं होतं.

पॅड तेल प्यायले होते, धुऊन उपयोग नव्हता. कुशलनं चकती पेट्रोलनं पुसली आणि दोन्ही चाकांचे पॅड बदलायला काढले. “उजवे तर चांगले आहेत,” वन्सं म्हणाल्या. तो हसला. “एक बैल जवान, एक बूढ़ा, गाड़ी सीधी चलेगी का?” नवे पॅड बसावेत म्हणून त्यानं पॅडला ढकलणारा आतला पिस्टन हळूहळू मागे दाबला. शेवटी, पेडल घट्ट लागेपर्यंत ते वन्संना दाबायला लावलं, नाहीतर पहिला ब्रेक फुकट जातो म्हणे. परतताना पुलावर गाडी सरळ थांबली.

रात्री जेवणं झाल्यावर वन्सं म्हणाल्या, “ब्रेक तेल लागून खराब झाला होता. दुरुस्त केला.”

“तेल आपोआप लागलं?” यांनी विचारलं.

जन्मभर ‘का’ विचारणाऱ्या बाईला आज उत्तर ठाऊक होतं आणि ती ते देत नव्हती. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला.

“बघा! जवाबच नाही. उद्या गाडी जाणार.”

कोपऱ्यात मामंजी पोथी वाचत होते. सत्तरी ओलांडलेले वेदपाठी, विद्यार्थ्याचा एक स्वर घसरला तरी पाठ थांबवणारे. त्यांनी मान वर केली. “कुठल्या चाकाचा?”

“डाव्या,” वन्सं अगदी हळू म्हणाल्या.

मामंजींनी पोथी मिटली. “त्याला तेल मी लावलं होतं.”

मग ते वन्संकडे वळले. “मला सांगितलं का नाहीस, पद्मे? पुढल्या साली मी दोन्ही चाकांना लावलं असतं. तू पुलावरून गंगेत गेली असतीस आणि मी इथे पूजा केली म्हणून खुशीत बसलो असतो.” मी तर सरळ रडलेच. मामंजी यांना म्हणाले, “वेणीमाधव, त्या माणसाला सांगून ये. गाडी विकायची नाही.”

हे निमूट उठून गेले.

रविवारी सकाळी मामंजी मैदागिनला आले. वन्संनी जॅक लावून चाक काढलं आणि एकेक भाग दाखवू लागल्या. लहानपणी पाठ चालू असताना वन्सं दाराआडून प्रश्न विचारायच्या, तेव्हा ‘मुलींनी विचारायचं नसतं’ म्हणून याच मामंजींनी दार लोटून घेतलं होतं. ते मला वन्संनीच एकदा सांगितलेलं. आज ते लेकीसमोर धुळीत मांडी घालून बसले होते. पॅड झिजले हे कसं ओळखायचं ते वन्संनी सांगितलं. मामंजी म्हणाले, “नीट कळलं नाही. पुन्हा सांग.”