मास्तर, गोडं पाणी ओतू नका

बायकोच्या पायावर मी कळशीभर पिण्याचं पाणी ओतलं आणि ती किंचाळली. त्याआधी ती एकदाही ओरडली नव्हती. झार डसला तेव्हासुद्धा माझं मनगट घट्ट धरून "अहो, काहीतरी चावलं" एवढंच म्हणाली होती. तिला किंचाळायला लावलं ते मी.

झार म्हणजे जेलीफिश. हा शब्द मलाही त्याच सकाळी कळला. आमच्या नगर जिल्ह्यात डसायला विंचू आहेत, गांधीलमाश्या आहेत, अगदीच गरज पडली तर सासुरवाडीची माणसं आहेत. पण पाण्यात डसणारं आमच्याकडे काही नाही. त्या वर्षी तर पाणीच नव्हतं. पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवलेली. बेलापूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि कालव्याचं पाणी आमच्या शिवेपर्यंत येता येता लाजून थांबायचं. ज्या विहिरीत मी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, तिच्या कपारीत त्या उन्हाळ्यात घुबड राहायला आलं होतं.

शाळेत मी गणित शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर पोहणं. दोन्हींची पद्धत एकच: ढकलायचं आणि वरून ओरडत राहायचं. पाठीला वाळलेला भोपळा बांधला की पोरगं पाण्यात, आणि मी काठावर. "हात मार! पाय झाड! तोंड मिट!" माझा आवाज घरात चुलीपाशी ऐकू जायचा म्हणे. पंधरा-सोळा वर्षं तो ऐकत हिनं भाकरी थापल्या. लग्नानंतर एकदा हिनं विचारलं होतं, "पाण्यावर माणूस नुसतं पडून राहू शकतं का हो? काही न करता?"

"राहतं की."

"मला एकदा राहून बघायचंय."

मी हसलो होतो. बायकांनी विहिरीत उतरायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि रीत मोडायची माझी छाती नव्हती. आवाज तेवढा होता.

त्या मे महिन्यात मेहुण्याचं पत्र आलं. तो कस्टममध्ये; त्याची बदली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर एका लहानशा बेटावर झालेली. 'चार दिवस या, समुद्र बघा.' हिनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "समुद्रात बायका उतरल्या तर कुणी काही बोलतं का?"

"तिथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"मग मी तिथं पडून बघणार."

मी टॉवेलात गुंडाळून भोपळा बरोबर घेतला. मनमाडपासून कल्याणपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. समोरच्या बाईंनी दोनदा वाकून बघितलं आणि बाळ फार शांत आहे असं सांगितलं.

बेटावर गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही किनाऱ्याला लागून. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा कामावर गेला आणि आम्ही दोघं पाणी आणायला निघालो. मी कळशी भरून वाळूत ठेवली. समोर समुद्र, आसपास कुणी नाही. फक्त एक वयस्क कोळीण काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. हिनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला. ते बघून कोळीण म्हणाली, "आज उतरू नका. वारा फिरलाय, झार आलेत."

मी म्हणालो, "मावशी, मी पोहण्याचा मास्तर आहे. पंचवीस वर्षं पोहतोय."

"कुठं?"

"विहिरीत."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, काखेतल्या भोपळ्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा बोंबलांकडे वळली.

वाळूवर जागोजाग थिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे पडले होते. ही थबकली. "हे काय हो?" मी काडीनं एक गोळा हलवून पाहिला आणि तज्ज्ञाच्या थाटात निकाल दिला, "मेलंय गं. मेलेलं काय करणार?"

मेलेला झारसुद्धा डसतो, हे मला कोण सांगणार? सांगणारी बोंबील वाळत घालत होती.

कमरेइतक्या पाण्यात गेलो. विहिरीत चार हात मारले की भिंत येते, धरायला कपार असते. इथं धरायला काहीच नव्हतं, आणि पायाखालची वाळूसुद्धा लाटेबरोबर निघून जात होती. तरी माझा आवाज चालूच होता. "श्वास भर! मान सैल सोड! आता पाठ..." एवढ्यात हिनं माझं मनगट धरलं.

तिला ओढत बाहेर आणलं. पोटरीवर लाल वळ उठले होते, चाबूक मारल्यासारखे, आणि त्यांना काचेच्या दोऱ्यासारखं काहीतरी चिकटलेलं. मी विंचवाच्या मुलखातला माणूस. गुडघ्याखाली रुमाल करकचून आवळला. मग वाळूनं पाय चोळला. मग, गावाकडे ज्या पाण्यासाठी आम्ही टँकरमागे धावत होतो ते पाणी, हात जराही आखडता न घेता, अख्खी कळशी तिच्या पायावर रिकामी केली. त्याहून मोठं औषध माझ्या डोक्यात नव्हतं.

ती किंचाळली आणि कोळीण धावत आली.

"मास्तर, गोडं पाणी ओतू नका! गोड्या पाण्यानं अजून भडकतं ते! सोडा तो रुमाल. आणि चोळताय काय? भांडी घासताय का?"

तिनं मला बाजूला सारलं. ओंजळी-ओंजळीनं समुद्राचंच खारं पाणी वळांवर टाकलं. काडीच्या टोकानं एकेक दोरा अलगद उचलून फेकला, स्वतःचा हात लागू न देता. मला स्वतःच्या घरी पिटाळून माडीच्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणायला लावली आणि तो शिरका पायावर सोडला. मध्येच हिला विचारत होती, "बाय, दम लागतो का? छातीत दुखतं का? ओठ जड वाटतात?" ही मानेनं नाही म्हणत होती. मी मागं रिकामी कळशी धरून उभा होतो. विचारलं नसतानाही मी म्हणालो, "मला वाटलं, मेलेलं आहे."

"आता गप बसा," कोळीण म्हणाली.

दुपारपर्यंत आग ओसरली, वळ राहिले. संध्याकाळी मी ओसरीवर जाहीर केलं की यापुढे समुद्र काठावरूनच बघायचा. ही पायावरून पदर सारखा करत राहिली. तिचं असं गप्प राहणं मला ठाऊक होतं. तिनं पाण्यावर पडून राहण्याविषयी विचारल्यावर मी हसलो होतो, त्या दिवशीही ती अशीच गप्प बसली होती. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी स्वतःच कोळणीकडे गेलो.

"मावशी, ती परत उतरू शकेल का?"

"वाळूवर झार दिसत नाहीत त्या दिवशी. भरतीला, ओहोटीला नाही. कमरेपुढं नाही. आणि शिकवणार मी."

दोन दिवस कोळीण रोज पहाटे वाळू बघून नकाराची मान हलवायची. निघायच्या दिवशी सकाळी वाळू स्वच्छ होती. तिनं हिला हाताला धरून नेलं. "पाणी ओढायला लागलं तर त्याच्याशी भांडू नको बाय. उताणी पड आणि हात वर कर. मी येते. पडायला आलं म्हणजे निम्मं आलं."

मला काठावर उभं केलं होतं, हाका मारायच्या नाहीत या अटीवर. ती अट मी फार तर तीन मिनिटं पाळली. हिची मान मागं गेली, पावलं वर आली, नऊवारीचं हिरवं लुगडं पाण्यात फुगलं, आणि कोळणीनं खालचा हात काढून घेतला. मी ओरडत सुटलो. "मान सैल! श्वास! श्वास सोडू नकोस!" ती तशीच पडून राहिली. एक लाट खालून गेली, तिला उचलून पुन्हा ठेवलं. मग दुसरी. माझा घसा बसला तरी ती जराही हलली नाही.

होडीत बसल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

केस पिळता पिळता ती म्हणाली, "पाण्यावर पडलं ना, की कान बुडतात. तुम्ही ओरडताय ते दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. फार बरं वाटलं हो."