वाचून न दाखवलेला कागद

आबाजींच्या शोकसभेत एका वक्त्याने ती गोष्ट सांगितली, तेव्हा मी पहिल्याच रांगेत होते. आबाजी म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी सैन्यात कॅप्टन, नंतर वर्ध्याच्या कोर्टात वकील, मग एकदा आमदार. माणूस त्यांना कधीपासून ओळखतो ते हाकेवरून कळायचं: कॅप्टनसाहेब, वकीलसाहेब, आमदारसाहेब.

"या माणसानं एका विधवेपुढे उभं राहून, हात जोडून माफी मागितली," वक्ता म्हणाला. "चूक कबूल करणारा आमदार पाहिला का कोणी?"

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी माझा हात दाबला. मी खाली बघत राहिले. ती चूक माझी होती.

तीन वर्षांपूर्वी कॉलेज संपवून मी वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावात, आबाजींच्या घरी आले. आमदारकी जाऊन कैक वर्षं झाली होती, तरी सकाळी पोर्चमध्ये आसपासच्या गावांतली माणसं बसलेली असायची. कोणाचा पेन्शनचा अर्ज, कोणाचा बांधाचा वाद. आबाजींना डोळ्यांनी जवळपास दिसेनासं झालं होतं. ते सांगायचे, मी निळ्या पॅडवर टिपून घ्यायचे, मग आत जाऊन टाईप करून प्रिंट काढायचे. त्यांचा वकिलीतला एक नियम होता. कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्या माणसाने 'बरोबर आहे' म्हटल्यावरच सही किंवा अंगठा.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी वाचता येतं, पण मोठ्यानं वाचताना माझा आवाज मलाच परका वाटतो. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "सायेब, हे पोरगी टीवीवर बातम्या देते का?" सगळे हसले, आबाजीही. त्यात दुष्टपणा काही नव्हता. पण त्या दिवसापासून मी संधी मिळेल तेव्हा वाचणं टाळायला लागले.

देवळीकडची ती बाई नवरा गेल्यावर वारस नोंदीसाठी आली होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी केळझरजवळ दिलेली. बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती, पायरीवरच बसली आणि म्हणाली, "लेकीचं नाव पयलं लिवजो बाई. मांगून भाऊ विसरतात." आमच्याकडे बहिणींची नावं अशा कागदातून कशी गळतात, हे तिला माहीत होतं. मी पॅडवर मुलीचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

आत कॉम्प्युटरवर आदल्या आठवड्याचं एक प्रतिज्ञापत्र होतं. तिथेही विधवा आणि दोन मुलगे. मी त्यातली नावं, गाव, गट नंबर बदलले. मुलीसाठी नवी ओळ घालायची राहून गेली. खाली ठरलेलं वाक्य तसंच होतं: वरील व्यक्तींशिवाय मयताला दुसरा कोणीही वारस नाही.

पोर्चमध्ये त्या दिवशी पंधरा-वीस माणसं होती. मी कागद बाईपुढे धरला आणि शाईचं पॅड उघडलं. आबाजी फोनवर होते. बोलणं थांबवून त्यांनी विचारलं, "वाचून दाखवलं?"

मी म्हणाले, "हो."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा दिला.

दोन महिन्यांनी ती मुलीला घेऊन आली. मुलगी फाटकाशीच थांबली. वारसांची नोंद झालेला तलाठ्याकडचा फेरफार तिच्या हातात होता; त्यात तिचं नाव नव्हतं. "मायनं शपथेवर लिहून देल्लं का मी हाओच नाई," ती तिथूनच म्हणाली. "भाऊ लबाड आहेत हे मले मालूम होतं. मायचं मालूम नोतं."

आबाजी काठी न घेता उभे राहिले. "चूक माझी आहे, बाई. मला दिसत नाही आणि मी तपासलं नाही." त्यांनी हात जोडले. मला त्यांनी काही विचारलं नाही, नंतरही नाही. फौजेत हाताखालच्या माणसाची चूक अधिकारी आपल्या अंगावर घेतो, असं ते नेहमी सांगायचे. बाई दाराशी उभी असलेल्या माझ्याकडे बघत होती. मला तेव्हाही एक वाक्य बोलता आलं असतं.

आबाजींनी काळा कोट घालून स्वतः अपील चालवलं. मुलीचं नाव लागलं. मुलगी मात्र माहेरी गेली नाही; कागद वाचून दाखवलाच नव्हता, हे मायचं सांगणं तिला पटलं नाही. तिचं म्हणणं, साहेब देवमाणूस, मायची लाज राखायला खोटं बोलले. ते खोटं बोलले हे तिने बरोबर ओळखलं होतं. कोणासाठी, एवढंच तिला माहीत नव्हतं, आणि ते सांगू शकणारी मी गप्प होते.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी निळ्या पॅडचा तो कागद घेऊन केळझरजवळच्या तिच्या घरी गेले. तीन वर्षं तो मी माझ्या कपाटात, स्वेटरांखाली ठेवला होता. ती अंगणात सोयाबीन पाखडत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. "वाच."

मी वाचलं. मयताचं नाव, मग वारस: मुलगी, पहिलं तिचं नाव. माझा आवाज तसाच, बातम्यांसारखा. तिच्या सासूने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. ती स्वतः हसली नाही.

"माय तीन दिवाळ्या माह्या दारातून वापस गेली," ती म्हणाली. "म्या पाणी नाई देल्लं तिले. तू तवाच काऊन नाई बोलली?"

मला वाचायची लाज वाटत होती, हे खरं उत्तर होतं. मी ते दिलं. तिच्या अंगणात ते इतकं लहान वाटलं की आणखी एखादं कारण असतं तर बरं झालं असतं.

तिने हात झटकले आणि चपला घातल्या. मला वाटलं होतं, तिला सांगितलं की माझं काम संपेल.

"तो कागद घे," ती म्हणाली. "आता मायसमोर वाचजो. भावांयसमोर बी. चाल, देवळीची बस भेटन."