चित्रातून आलेला वारा

साल २०२३. मी तवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण गावात माझ्या शब्दाले अजून वजन हाये. भूतबित मी मानलं नाई, आजबी मानत नाई. तरी लिहून राह्यलो...

आमचं घर रिसोडजवळ. नात मुक्ता बारावीले वाशीमले मावशीकडं व्हती. तिथल्या बगिच्याचं, उन्हाळ्यातल्या रात्रीचं चित्र तिनं काढलं अन् बैठकीत टांगलं. आभाळ जांभळं. झाडं निळी, वाकडीतिकडी. दिवे गुळाच्या पाकावानी वघळलेले. बाकड्यावर एक लाल फराटा, बस.

मी म्हणलो, निंबाले ताप चढला काय व माय?

"आबा, दिसलं तसं नाई काढलं. वाटलं तसं काढलं."

तिले नागपूरले हेच शिकाले जायचं व्हतं. ॲडमिशनले दोनच दिवस उरले. मी नाई म्हणलो, म्हणजे नाई. मुक्तानं माझ्याशी बोलणं सोडलं.

जून लागला तरी ऊन मे महिन्यावानीच. घरचे सगळे लग्नाले गेलेले, रात्री येणार व्हते. भर दुपारी मी पक्कड घेतली, दिवाणावर चढलो... चित्र खिळ्यासकट काढाले. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

अन् वारा आला. गार, ओल्या गवताच्या वासाचा. दुपार जांभळी होत गेली, पिवळे दिवे हळूहळू हालाले लागले. पाहतो तं मी त्या बाकड्यावर बसेल व्हतो. बाजूले फराटा नाई — शेवंता. माझी बायको. लाल लुगडं, चप्पल काढून पाय वर घेतलेले. तिले जाऊन एकवीस वर्षं झाली. शेवटच्या उन्हाळ्यात ती वाशीमच्या दवाखान्यात व्हती. संध्याकाळी मी तिले त्याच बगिच्यात न्यायचो. मुक्ता तवा जन्मालेबी नव्हती, अन् हे मी कोणाले सांगितलं नव्हतं.

माझ्याकडं न पाहता शेवंता तवा बोलायची तेच बोलली, "अवो, सरका ना. वारा अडवून राह्यले तुमी."

मी सरकलो.

लाईट आली. चित्र भिंतीवरच. मी दिवाणाच्या पार कोपऱ्याले बसेल व्हतो, बाजूले एका माणसाची जागा सोडून. झोप म्हणावं, तं पक्कड मुठीत घट्ट. काय व्हतं ते, मले अजून समजलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धुतलेलं धोतर नेसलो, मुक्ताचं दार वाजवलं. म्हणलो, "चाल, नागपूरची गाडी चुकंल."

एसटीत मी आजवर कोणाले खिडकी देल्ली नाई. त्या दिवशी सरकलो, अन् पोरीले देल्ली.