नुसतं बसणं

चहावर साय धरताना आधी कडेने सुरकुती पडते. ते मी आज पाहिलं, कारण हाना बोलत नव्हती.

ती इथिओपियाहून शिकायला आलेली मुलगी. मराठीच्या सरावासाठी दर बुधवारी माझ्याशी गप्पा मारायला येते. आमचे हे गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं हो?’ विचारतो. छातीत दुखायला लागलं, रिक्षात बसवलं, डॉक्टर बाहेर आले. सगळं पाठ झालंय, आवाजही हलत नाही. हानालाही मी आपणहून सांगू लागले, ‘सकाळी छातीत दुखायला लागलं...’

‘काकू,’ तिने माझा हात धरला, ‘आमच्या गावी विचारत नाहीत. नुसतं बसतात.’

मग दोघी बसून राहिलो.

ती गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, आज यांना रिक्षात बसवायचं राहूनच गेलं.