सूर्यमाळच्या बांधावर बदललेलं कलम

मंगळवार, जुलैचा दुसरा आठवडा. स्थळ: जव्हार, बाजाराच्या मागचं भाड्याने घेतलेलं सभागृह. हजर: सागरी धोरण समितीचे अध्यक्ष कॅप्टन, मी, प्रोजेक्टरवाला आणि आमची जीप चालवणारे सलीमभाई. गैरहजर: ज्यांच्यासाठी बैठक ठेवली होती ते सगळे.

बैठकीची हजेरी मी नेहमी स्वतः लिहिते. त्या दिवशी ती एका ओळीत संपली. कॅप्टन पहिल्या रांगेत बसून छताकडे बघत होते. प्रोजेक्टरवर अरबी समुद्राचा नकाशा लागला होता आणि खिडकीबाहेर ढग इतके खाली उतरले होते की समोरचं पिंपळाचं झाड दिसत नव्हतं.

आधी हे सांगायला हवं की समुद्राच्या धोरणाची बैठक डोंगरावर का. मी धोरणांचे मसुदे लिहिण्याचं काम करते. तज्ज्ञ बोलतात, लोक बोलतात, खाती बोलतात, आणि त्या सगळ्याचं कलमांत रूपांतर करायचं. देशाला समुद्र असतो म्हणजे काय, तर त्याच्या वाटण्या असतात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचे नियम राज्य करतं. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत देशाचा हक्क आणि केंद्राचे नियम. या पाण्यात बंदरं, मासेमारी, तेल, वाळू, पर्यटन, नौदल, सगळ्यांनाच जागा हवी असते. कोणी कुठे, कधी, कोणत्या अटीवर, हे लिहून काढणं म्हणजे सागरी धोरण. मसुदा लोकांसमोर ठेवायचा, हरकती ऐकायच्या, दुरुस्त करायचा. माझ्याकडे ‘बोटीवरचं मनुष्यबळ’ हे प्रकरण होतं.

किनाऱ्यावरच्या बैठकांत मी एक गोष्ट टिपली होती. बोलायला यायचे ते मालक. खलाशी, म्हणजे बोटीवर जाळं ओढणारे, दिसायचे नाहीत. एका नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, विचारलं तर तो म्हणाला, “ते वरचे. जव्हार, मोखाडा. जून-जुलैची बंदी लागली की घरी जातात. आता तुम्हाला इथे कोण भेटणार?”

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून यांत्रिक बोटी बंद असतात. खलाशी तेवढ्यात गावी जाऊन भात लावून येतो. म्हणजे खलाशांशी बोलायचं तर पावसाळ्यात डोंगरावर यायला हवं. इथपर्यंत माझा हिशोब बरोबर होता.

“मॅडम, आवणी चालू आहे,” सलीमभाई दारात छत्री झटकत म्हणाले. इकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. “आज पाऊस धरलाय. असा दिवस सोडून तुमच्या खुर्चीवर कोण बसणार? मीच माझ्या दुकानातून उठून आलो ते तुमचं भाडं ठरलं होतं म्हणून.”

“मग कधी येतील?” कॅप्टन.

“आवणी झाल्यावर नागली, तुमची नाचणी. नागली झाल्यावर समुद्र.”

कॅप्टन उठले. आयुष्यभर मालवाहू जहाजं चालवलेला माणूस. थांबून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “ते येत नसतील तर आपण जाऊ. किती लांब?”

“सूर्यमाळला माझ्या ओळखीचे आहेत. मोखाड्यावरून खोडाळ्याला, मग चढ. साहेब, बूट मात्र इथेच ठेवा.”

वाटेत सलीमभाईंची टकळी चालूच होती. “माझी तर उमर गेली या रस्त्यावर. पण समुद्र शोधायला डोंगर चढणारे पहिलेच गिऱ्हाईक तुम्ही.” कॅप्टन मोठ्याने हसले. त्यांना हा माणूस आवडला होता.

पाड्याखालच्या खाचरात एक कुटुंब वाकून लावणी करत होतं. सलीमभाईंनी रस्त्यावरूनच हाक मारली. काशिनाथ वर आला. तिशीचा, चिखल कोपरापर्यंत. आठ-दहा हंगाम बोटीवर काढलेला. त्याची आई ठकीबाय डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं घेऊन रोपांच्या जुड्या सोडत होती. एक बाई थोडी लांब, आमच्याकडे पाठ करून काम करत होती. ती सोमी, काशिनाथची भावजय.

“थांबू नका,” कॅप्टन म्हणाले. “तुम्ही लावा, आम्ही बांधावरून बोलतो.” त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि बांधावर उकिडवे बसले. मी छत्रीखाली फाईल धरली.

मी मसुदा सोपा करून सांगितला. मच्छीमार म्हणजे, आजच्या नियमासारखाच, किनारी गावात राहणारा आणि मासेमारीवर जगणारा. त्याला ओळखीचं टोकन. टोकन असेल तर अपघात विमा, जीवरक्षक जॅकेट, हरवल्यास शोध. आणि किनाऱ्यावर घर नसलेल्यांसाठी समितीने एक सोय सुचवली होती: एका घरातल्या सगळ्या पुरुषांना मिळून एकच कुटुंब-टोकन, आणि ते सगळे एकाच बोटीवर. नोंद सोपी, मालकाला सोपं, आम्हालाही सोपं.

मी बोलणं संपवलं. रोपं चिखलात खोचण्याचा आवाज तेवढा येत होता.

“समजलं नाही का?” मी विचारलं.

“समजलं,” काशिनाथ म्हणाला. आणि पुन्हा गप्प.

शेवटी ठकीबाय कंबर सरळ करून उभी राहिली. “बाय, तुला पोरं किती?”

“दोन.”

“दोघांना एका नावेत बसवशील?”

मी फाईल मिटली.

“आमी नाय बसवत. एका घरचे दोघं एका नावेत नाय. माझा सासरा सांगायचा, त्याच्याबी आधीपासून हाय. नाव बुडली तर एक जाईल. घर तरी ऱ्हाईल.”

कॅप्टन पुढे झुकले. “मग एका बोटीवर कोण कोण असतं?”

आता काशिनाथ बोलायला लागला. “एका पाड्यातला एक. दुसरा दुसऱ्या पाड्यातला, तिसरा तिसऱ्या. तांडेल विचारतो, तुमी सगळे मित्र का नाय येत एकत्र?” तांडेल म्हणजे बोट हाकणारा, समुद्रावरचा प्रमुख. “त्याला काय सांगायचा? कुणाला काय झालं, तर बाकीचे आपापल्या पाड्यावर येतात ना. मग बातमी सगळीकडे जाते. कुणाच्या घरी कळलं नाय असं होत नाय. इथं मोबाईलला रेंज नाय, साहेब. माणूसच पायजे.”

विम्याच्या धंद्यात जोखीम वाटून ठेवणं म्हणतात ते हेच. निरोपाची पर्यायी यंत्रणा म्हणतात तीही हीच. आमच्या मसुद्यात दोन्ही गोष्टींसाठी वेगवेगळे परिच्छेद होते आणि कुटुंब-टोकनाने त्या दोन्ही मोडीत निघाल्या असत्या. इथे त्या, कोण कोणत्या बोटीवर जाणार हे ठरवताना, मनातल्या मनात सांभाळल्या जात होत्या, समुद्रापासून इतक्या लांब.

“मी एकुलता एक,” कॅप्टन म्हणाले. “माझ्या आईने काय करायला हवं होतं?”

“तुला जाऊच द्यायचं नव्हतं,” ठकीबाय म्हणाली. सगळे हसले. सोमी सोडून.

सोमी जुडी हातात घेऊन आमच्याकडे आली. तिने माझ्याकडे नाही, फाईलकडे बघितलं.

“हे आता करता तुमी. रघ्या गेला तेव्हा कुठं होतात?”

रघू काशिनाथचा थोरला भाऊ, सोमीचा नवरा. दोन हंगामांपूर्वी वाऱ्यात जाळं ओढताना बोटीवरून पडला. प्रेत मिळालं नाही. बातमी दुसऱ्या पाड्याच्या खलाशाने आणली, काशिनाथ म्हणाला तशीच. पण पुढे काही हललं नाही. रघूचं घर किनाऱ्यावर नव्हतं, म्हणून त्याचं टोकन नव्हतं. टोकन नव्हतं म्हणून विमा नव्हता.

“सरकारी कागदात माझा माणूस दर्यावर गेलाच नाय,” सोमी म्हणाली. “मग तो गेला कुठं, तेवढा तरी सांगा.”

कॅप्टननी मला रघूचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. मग त्यांनी काशिनाथला विचारलं, “तू यंदा जाणार?”

“कागदावर नाव लागल्याशिवाय नाय. आईला शब्द दिलाय. भिवंडीकडे वीटभट्टीवर जाईन. तिथं मन लागत नाय, पण जाईन.”

“दर्यावर मन लागतं?”

“लागतं,” तो थोडा लाजून म्हणाला. “पहाटे जाळं वर येताना बघितलंय ना तुमी.”

“बघितलंय,” कॅप्टन म्हणाले.

जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं, “लिहा. कुटुंब-टोकन काढून टाका. प्रत्येक माणसाचं स्वतंत्र टोकन. आणि राहतो कुठे हे विचारायचंच नाही. बोटीवर पाय ठेवला की तो मोजला गेला पाहिजे. निरोपासाठी दोन नावं, दुसरं दुसऱ्या पाड्यातलं.”

“पाडा असं धोरणात लिहिता येणार नाही.”

“मग वस्ती लिहा. पण लिहा.”

मुंबईतली बैठक सोपी गेली नाही. किनाऱ्यावरच्या संघटनेचा प्रतिनिधी उभा राहिला. त्याची भीती खरी होती. “उद्या कोणीही मच्छीमार म्हणवून घेईल. आमच्या वाट्याचं डिझेल, आमच्या वाट्याची घरं जातील.”

मी घरून दोन याद्या करून नेल्या होत्या. पहिलीत ज्या गोष्टी समाजाच्या पिढीजात हक्काच्या आहेत त्या: किनाऱ्याची जागा, सवलती, मासळी सुकवायचे ओटे. दुसरीत ज्या बुडणाऱ्या माणसाच्या आहेत त्या: जॅकेट, विमा, शोध, घरी निरोप. “पहिल्या यादीला आम्ही हात लावत नाही,” मी म्हणाले. “दुसरीतलं काय तुम्हाला खलाशापासून रोखून धरायचंय?”

त्याने दोन्ही याद्या शेवटपर्यंत वाचल्या. मग खाली बसता बसता म्हणाला, “माझ्या बोटीवर तांडेल सोडून सगळे वरचेच. ते आले नाहीत तर ऑगस्टमध्ये मी काय बोटीची पूजा करत बसू? घाला दुसरी यादी.”

त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला, आणि मी त्याला तसं सांगितलंही. मसुद्यात ‘मच्छीमार’ आणि ‘बोटीवरील कामगार’ अशा दोन व्याख्या झाल्या. नंतर खात्यांच्या फेऱ्या, कायदा विभागाच्या शंका, एका स्वल्पविरामावरून तीन ईमेल. कॅप्टन प्रत्येक फेरीत तेच एक वाक्य म्हणायचे: “बोटीवर पाय ठेवला की मोजला.” शेवटी ते कलम जवळजवळ याच शब्दांत राहिलं.

काशिनाथने तो हंगाम वीटभट्टीवर काढला. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर सलीमभाईंच्या मोबाईलवरून मला एक फोटो आला. काशिनाथ बंदरावर उभा, गळ्यात टोकन, अंगात नारिंगी जॅकेट. त्याचा चुलतभाऊही त्याच हंगामात दर्यावर गेला. दुसऱ्या बोटीवर. फोटोखाली सलीमभाईंनी लिहिलं होतं: त्याची आई म्हणते, जॅकेट एकदा धुऊन बघ, सरकारी रंग जातो का.

या कामातून मी कामापुरतं एवढं शिकले. बैठकीची तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या यादीबरोबर शेतीची कामंही बघायची. आणि गावकरी गप्प बसले तर त्याला मंजुरी धरायची नाही.

माझ्या यादीत या प्रकरणाच्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा आहेत. एक सोडून. नवा नियम लागू झाल्या दिवसापासून पुढचा आहे, मागचा नाही. रघू त्यात बसत नाही. बेपत्ता माणूस मेला असं कायद्याने धरायला सात वर्षं थांबावं लागतं. त्याआधी मृत्यूचा दाखला मिळवायचा तर तो त्या दिवशी बोटीवर होता हे सांगणारा जबाब हवा. बरोबरच्या खलाशाने दिला आहे. तांडेलाचा हवा आहे. तो आता गुजरातच्या बोटीवर असतो आणि बंदीत कधी घरी येतो, कधी येत नाही. मागच्या जूनमध्ये मी आणि सलीमभाई त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. कुलूप होतं.

सोमीला तसं कळवलं. तिने एवढंच विचारलं, “परत कधी जाताय?”