एकाच फेरीत वाघ आणि वाळवंट

आई होती तोवर मी आणि बाबा एकमेकांशी थेट बोलत नसू. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. घराची रीतच तशी पडली होती. बाबा पुढच्या खोलीतून आईला म्हणायचे, "तिले सांग, बस निघून जाईन." मी आतून म्हणायची, "आई, बाबाले विचार ना, छत्री कुठं ठेवली." दोन खोल्यांचं घर. दोघांचंही बोलणं दोघांना स्वच्छ ऐकू यायचं, तरी ते आईच्या तोंडून गेल्याशिवाय पोचलं असं धरत नसत. आई वैतागायची. "मी काय तारघर आहो काय तुमचं?" म्हणायची, आणि निरोप पोचवायची.

ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात आई गेली आणि तारघर बंद पडलं. तेरावं आटोपलं, भाऊ भिलाईला नोकरीवर परतला आणि नागपूरच्या वर, राज्याच्या हद्दीपलीकडे असलेल्या पांढुर्ण्याच्या त्या घरात आम्ही दोघं उरलो. माझं लग्न राहून गेलेलं होतं, आणि आता तो विषय काढणारंही कोणी नव्हतं. मी रोज बसने सौसरला शाळेत शिकवायला जायची. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते; संत्र्याच्या पेट्या साऱ्या हिंदुस्थानात रवाना करून निवृत्त झाले, स्वतः मात्र नागपूर-इटारसीच्या पलीकडे गेले नव्हते. संध्याकाळी मी आले की ते पेपर माझ्या बाजूला सरकवायचे. मी ताट वाढायची. ते जेवायचे. भांडी घासताना मी मुद्दाम जरा आदळआपट करायची, घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून. रिकाम्या घरात एकटं वाटलं तर त्यात नवल नाही, पण समोर बाप बसलेला असताना एकटं वाटायचं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

एका संध्याकाळी रेडिओवर वाघांबद्दल कोणी तरी बोलत होतं. संपल्यावर बाबांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "वाघ पाह्यला काय वं तू?"

मी चक्क मागे वळून बघितलं. मागे फक्त मोरी होती.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही?"

"नाही ना. सारा जन्म या जंगलाच्या बाजूले गेला. लोकाइले दिसते, आपल्यालेच नाही दिसत." मग रेडिओवरचं कापड सारखं करत, "जाऊ मंग एकदा."

झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून नकाशांचं मोठं पुस्तक मागून आणलं, बाबांनी रेल्वेचं जुनं वेळापत्रक काढलं आणि जेवणानंतर सतरंजीवर आमची सभा भरू लागली. मी म्हणाले, कान्हा आपल्याच राज्यात आहे, तिकडे जाऊ. बाबांना ते फार जवळचं वाटलं. एवढं निघायचंच तर राजस्थानात जाऊ. रणथंभोरला वाघ बघू, बिबट्या दिसला तर तोही बघू, आणि तसंच पुढे जैसलमेरकडे जाऊन वाळवंटातली जनावरं. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, माळढोक. वाळूतले प्राणी बाबांच्या डोक्यात कुठून शिरले होते देव जाणे, पण हट्ट पक्का होता. एकाच फेरीत दोन्ही.

आता यात एक मेख होती. वाघ दिसतो उन्हाळ्यात, पाण्यावर येतो तेव्हा. वाळवंटात जावं हिवाळ्यात, नाहीतर माणसाचा पापड होतो. उन्हाळा म्हटला की मी म्हणायची, "जैसलमेरले भाजून निघू." हिवाळा म्हटला की बाबा म्हणायचे, "वाघ काय आपल्यासाठी बाहीर येऊन राहिला काय थंडीचा?" पावसाळ्यात जंगलच बंद. जंगल उघडं असतं तरी पोळ्याच्या सुट्टीत निघणं नव्हतंच; दुसऱ्याच दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून आमच्या आणि सावरगावच्या लोकांची दगडफेक. माझी आत्या सावरगावला दिलेली, तिच्याकडचं कोणी ना कोणी डोकं फोडून घ्यायचं, अशा वेळी बाबा गाव सोडतील हे शक्य नव्हतं. मग पुन्हा नकाशा. जोधपूरच्या पुढे छोटी लाइन आहे, अरुंद रुळांची, ती आपल्या सौसरच्या लाइनइतकी छोटी आहे का, यावर एक अख्खा आठवडा गेला. वाळवंटात पाणी कशात न्यायचं यावरून आम्ही खरोखर भांडलो. मी चिडून आत गेले, आणि आत जाऊन मला हसू आलं. बाबा माझ्याशी भांडले होते! सरळ माझ्या तोंडाकडे बघून!

असे दोनतीन हिवाळे गेले. बसमध्ये मी दिवसभराच्या शंका गोळा करायची, घरी जाऊन विचारायला. बाबाही दिवसभर काही तरी शोधून ठेवायचे. मी चपला काढते न काढते तोच सुरू. "काऊन वं, कोल्हा दिवसा दिसते की राती?" शेजारच्या काकू थट्टा करायच्या, "बापलेकीचं वाघाशी लगीन लावून राहिले का जी?" आम्ही हसायचो. जायची घाई दोघांनाही नव्हती, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. जाऊन आलो तर मग बोलायचं काय?

मग एका दिवाळीला भाऊ आला. कर्तबगार माणूस, कारखान्यात पाळ्या लावतो, सगळं चोख. जेवणानंतर आमची सभा भरली तेव्हा तो सुपारी कातरत बसला होता. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "फेब्रुवारीत जा ना. वाघही दिसते, उनही नाही राहत. इतके दिवस काय करून राहिले तुम्ही?"

बाबांनी नकाशा मिटला. मी वेळापत्रक उचलून ठेवलं.

भाऊ मनाने चांगला. वाटलं असेल, यांना जमत नाही, आपण करून द्यावं. परत जाऊन त्याने सगळं ठरवलं. आरक्षण, मुक्काम, जीप, कोणाच्या ओळखीने कुठे उतरायचं, सगळं. ओळखीच्या माणसाबरोबर तिकिटं आली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. "चांगलं केलं पोट्ट्यानं," म्हणाले. त्या संध्याकाळी मी सवयीने सतरंजी अंथरली. आम्ही बसलो. विचारायला काहीच नव्हतं. बाबांनी पेपर उचलला, आणि मला भावाचा असा काही राग आला की सांगायची सोय नाही. त्याने वाईट काय केलं होतं?

आम्ही गेलो. रणथंभोरला जीपमध्ये आणखी एक कुटुंब होतं आणि जंगलात बोलायचं नाही अशी ताकीद होती. वाघ दिसला. गवतातून निघाला, रस्ता ओलांडला आणि आमच्याकडे न बघता गेला. देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण मला आठवतं ते वेगळंच. त्याआधी झाडीत काही हललं तेव्हा बाबा मला चिकटून बसले होते, खांद्याला खांदा लागत होता, आणि ते ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "भैया, बाई को बोलो, उधर देखे." तिसरं माणूस भेटल्याबरोबर बाबा जुन्या वाटेला लागले होते. वाळवंटातही तेच. चिंकारे दिसले, बिळाशी बसलेला कोल्हा दिसला, आणि प्रत्येक वेळी मला ते वाटाड्याच्या तोंडून कळलं.

परत आल्यावर गल्ली लोटली. बाबांनी वाघ रंगवून सांगितला, काकूंना, आत्याला, दूधवाल्याला. मी आत चहा करत ऐकत होते. हळूहळू लोकांचंही ऐकून झालं. नकाशाचं पुस्तक मी शाळेत परत केलं.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी ताटं वाढली. बाबा खाली मान घालून जेवत होते. पाणी हवं होतं त्यांना, मला दिसत होतं. पण मागावं कोणाकडून हे न कळल्यासारखे ते तांब्याकडे बघत होते. मी तांब्या पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मले करमत नाही या घरात."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता उठून जातील.

"मलेबी नाही करमत," ते म्हणाले. आणि ताटाकडेच बघत, "तुही माय गेली तवापासून."

आई गेल्यापासून आमच्या दोघांत तिचा विषय एकदाही निघाला नव्हता. त्या संध्याकाळी निघाला. जेवणं तशीच राहिली, हात वाळले, आणि ती कशी होती हे आम्ही एकमेकांना सांगत बसलो, जणू दोघांपैकी एकाने तिला कधी पाहिलंच नव्हतं.