दोन फोटोंच्या मधलं

कुठल्याही मैदानावर गेले की अण्णा आधी बसायचे. चपला काढायच्या, एकावर एक ठेवून त्यांच्यावर बैठक मारायची, कॅमेरा मांडीवर घ्यायचा आणि बराच वेळ नुसतं बघत राहायचं. आयोजक घाईघाईने येऊन सांगायचे की सामना सुरू झालाय, फोटो घ्या. अण्णा मान वर न करता म्हणायचे, “दमानं घ्या की. खेळ कुटं पळून जायलाय?”

खेळ पळूनच जातो, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. अण्णांनाही ठाऊक होतं. पण त्यांचे गुडघे दुखत असत, आणि आमच्या दैनिकात रोल जपून वापरावा लागे. सत्तरच्या दशकातलं सोलापुरातलं ते एक लहानसं दैनिक. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. फोटोचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे, म्हणून पानावर एखादाच फोटो. मी खेळाच्या बातम्या आणि बाजारभाव दोन्ही लिहीत असे, तरी अण्णा मला ‘लेखक’ म्हणत. ते भवानी पेठेत राहत. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. वडील विणकर होते, स्वतः अण्णांनीही तरुणपणी माग चालवला होता. मग कापसाच्या धुळीने छाती भरली आणि ते लग्नाचे फोटो काढू लागले. आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती.

शटरच्या वेगाबद्दल त्यांचे ठाम हिशेब होते. कबड्डीला पाचशे, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, कुस्तीला अडीचशे, भाषणाला साठ. “पुढारी हलत न्हाई,” ते म्हणायचे. ऊन उतरलं की कबड्डीलाही अडीचशेवर यावं लागे आणि मग चढाई करणाऱ्याचे पाय धुरासारखे दिसत. एका सामन्यात दोनदा, फार तर तीनदा बटण दाबायचं. कधी नेमकं साधायचं, कधी साफ चुकायचं. एकदा हॉकीच्या अंतिम सामन्यात एकुलता एक गोल झाला तेव्हा अण्णा रोल बदलत होते. त्यांनी गोलरक्षक पाणी पितोय असा फोटो आणून दिला. त्याखाली काय लिहावं या विचारात मी दुपार घालवली.

मग तो नवा कॅमेरा आला.

आमच्या मालकांचे मेहुणे आखातात होते. त्यांनी येताना एक जपानी कॅमेरा आणला, त्याच्या खाली फिल्म आपोआप पुढे सरकवणारी मोटर बसवलेली. टॉर्चमधल्यासारखे सेल घालायचे. एक छोटी चकती होती. ती एका बाजूला ठेवली की एका दाबाला एकच फोटो निघायचा. दुसऱ्या बाजूला फिरवली की बोट दाबलेलं असेपर्यंत फोटोमागून फोटो, सेकंदाला तीन-चार. आवाज शिलाई मशीनसारखा. पहिल्याच दिवशी नाणेफेकीच्या वेळी अण्णांचं बोट दाबलेलं राहिलं आणि अख्खा रोल त्या नाण्यावर संपला. मालक काही बोलले नाहीत. अण्णाच दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पण ते शिकले. तुम्हाला वाटेल, जुना माणूस, त्याने त्या यंत्राचा तिटकारा केला असेल. तसं झालं नाही. कबड्डीच्या एका पकडीचे पाच फोटो ओळीने सुकत टांगलेले मला त्यांनी दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पकड कशी बसली, हात कुठून आला, सगळं दिसत होतं. “एवढं सगळं आपल्या डोळ्यासमोर व्हायलंय आन आपल्याला दिसत न्हाई,” ते म्हणाले. मालकही खूश होते. ते तीन-तीन फोटो ओळीने छापू लागले. अण्णांची चकती मग बहुतेक सलग फोटोंवरच असायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माळशिरसकडच्या एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता. एसटीने दोघे गेलो. शेवटची कुस्ती दत्तू आणि शिवा या दोन तरुण पैलवानांची. दत्तू त्याच भागातला. मिसरूड फुटायच्या आधीपासून अण्णा त्याचे फोटो काढत आले होते. प्रत्येक वेळी तो एक प्रत मागायचा आणि अण्णा ती आठवणीने पोचवायचे. त्या दिवशीही मातीत उतरण्याआधी तो अण्णांकडे बघून हसला.

कुस्ती बराच वेळ रेंगाळली. लोक कंटाळून शिट्ट्या मारू लागले. मग एकदम शिवाने दत्तूला कमरेतून उचललं आणि दोघे खाली आले. दत्तू मानेवर पडला.

आधी लोक ओरडले, मग गप्प झाले. त्या शांततेत मला अण्णांच्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला. तो चालूच होता. दत्तू उठत नव्हता, पंच वाकून बघत होते, शिवा मातीत गुडघे टेकून बसला होता, आणि ते मशीन चालू होतं. रोल संपला तेव्हाच ते थांबलं. मी अण्णांचा हात धरला तर बोट अजून बटणावर होतं.

दत्तूला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. जीव वाचला. मानेखाली काही हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी रोल धुतला. मी त्यांच्या डार्करूमच्या खोलीत गेलो तेव्हा फिल्म तारेला टांगलेली होती. मालक आत आले नव्हते, दारातूनच त्यांनी विचारलं की पडतानाचे सगळे निघालेत ना, पहिल्या पानावर ओळीने लावू. अण्णा म्हणाले, रोल अडकला होता, काढताना उजेड लागला, गेला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. त्यांनी बातमी चार ओळींत द्यायला सांगितली आणि ते निघून गेले.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण दत्तूच्या गावात बोलणं सुरू झालं की शिवाने खाली येताना मुद्दाम मानेवर भार टाकला. कुणी म्हणे त्याने पंजा मानेत घातला होता. जो तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होता. शिवाने तालमीत जाणं सोडलं, मग शेतावर जाणंही सोडलं. दत्तूचा थोरला भाऊ आमच्या कचेरीत आला. मोठा शांत माणूस होता, त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. फोटो निघाला असेल तर द्या, मग आमचं आम्ही बघतो, एवढंच तो म्हणाला. अण्णांनी त्यालाही तेच सांगितलं, रोल गेला.

त्यानंतर अण्णा खंगल्यासारखे दिसू लागले. चहा समोर निवून जायचा. एकदा त्यांनी मला खोलीत बोलावलं, दिव्यासमोर फिल्म धरली आणि भिंग दिलं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. एका फोटोत दत्तूचा उजवा पाय जमिनीवर रोवलेला, शिवाचे हात त्याच्या कमरेला. पुढच्यात दोघेही हवेत, दत्तूचं डोकं खाली गेलेलं. शिवाचा हात कुठे आहे ते कळत नव्हतं. पाय कसा सुटला, हात कुठे गेला, ते या दोन फोटोंच्या मध्ये कुठेतरी घडून गेलं होतं.

“मशीन फिरायलं होतं तेवढ्यात,” अण्णा म्हणाले. “एकच घेतला असता तर निदान म्हटलं असतं, चुकला.”

उन्हाळा संपत आला तेव्हा दत्तूला घरी नेलं होतं. त्याचा निरोप आला, अण्णांनी येऊन जावं. अण्णांनी सगळे फोटो मोठे करून पाकिटात घातले. मला म्हणाले, चला. मी म्हणालो, भाऊ तिथे असेल, त्याच्या हाती पडले तर? ते म्हणाले, “दत्तूचे हायत. त्यानं बगावं.”

अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर दत्तू होता. एवढा थोरला देह, पण चादरीखाली सपाट झाल्यासारखा वाटत होता. आई उशाशी बसली होती, भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा. आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. कुणी फोटोचं नाव काढेना. शेवटी दत्तूनेच विचारलं, “अण्णा, म्या पडलो कसा? मला दावा की.”

रोल गेला नव्हता, मी खोटं बोललो, असं अण्णांनी भावाकडे बघून सांगितलं. मग ते बाजेच्या कडेला बसले आणि एकेक फोटो दत्तूच्या डोळ्यांसमोर धरू लागले. दत्तू शांतपणे बघे आणि म्हणे, “म्होरला.” असं करत ते त्या दोन फोटोंपर्यंत आले. दत्तूने एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला मागितला.

“ह्याच्या आन ह्याच्या मदलं कुटं हाय?”

“मदलं न्हाई निघालं,” अण्णा म्हणाले.

दत्तू वर लिंबाकडे बघत राहिला. आई पंख्याने वारा घालत होती, ती थांबली. मग तो भावाला म्हणाला, “माजाच पाय सुटला. शिवाचं काय न्हाय त्यात.”

“तुला आटवतंय?” भावाने विचारलं.

“आटवतंय की.”

भाऊ गोठ्याकडे गेला आणि आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. पण त्याच आठवड्यात त्याने शिवाच्या घरी माणूस पाठवला, असं नंतर कळलं. शिवा येऊन दत्तूच्या बाजेशेजारी दिवसभर बसून गेला.

परतीच्या एसटीत मी अण्णांना विचारलं की दत्तूला खरंच आठवत असेल का. मानेवर पडलेल्या माणसाला तो क्षण आठवतो का? अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “ते मला इचारू नका, लेखक.” आजही मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मालकांना खरं सांगितलं. मालक रागावले नाहीत, थकल्यासारखे हसले. त्यांनी तो कॅमेरा कपाटात ठेवला आणि जुनाच वापरा म्हणाले. अण्णांनी पुढे आणखी काही वर्षं काम केलं. फोटो नीट यायचे, पण आता ते मैदानाच्या अगदी काठावर, खेळापासून लांब बसत. कुस्त्यांना मात्र गेले नाहीत. छाती फार भरू लागली तेव्हा त्यांनी काम सोडलं. ते गेले तेव्हा मी पुण्याला नोकरीत होतो. मला पंधरवड्याने कळलं.

त्यांनी काढलेला एकच फोटो माझ्याजवळ आहे. तो वर्तमानपत्रासाठी काढलेला नाही. अण्णा वर्षातून एकदा दत्तूकडे जात, त्यातल्या एका खेपेला मी बरोबर होतो. दत्तूच्या आईने म्हटलं, ह्याचा एक फोटू काढा. ऊन कलत आलं होतं, लिंबाखाली सावली दाट. अण्णांनी शटर अगदी हळू केलं, पोत्यांची चळत रचून तिच्यावर कॅमेरा टेकवला, आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “हलू नका बरं का.”

आपण काय बोललो ते कळताच अण्णा कॅमेऱ्यामागून उठूच लागले होते. दत्तू हसला. म्हणाला, “न्हाय हलत, अण्णा. काडा तुमी.”

अण्णांनी काढला. फोटोत दत्तू हसतोच आहे, त्याची पापणीन् पापणी मोजता येते. लिंबाची पानं विस्कटली आहेत आणि पंखा हलवणारा आईचा हात तेवढा पुसट आला आहे.